इ. स. १८४८ : एका वर्षाचा जमाखर्च

इतिहासाचा अभ्यास आपण सामान्यतः एकेका देशाच्या अंगाने करतो. फ्रान्सचे प्रकरण संपले की जर्मनीचे, ते संपले की इटलीचे, आणि हिंदुस्थानचा इतिहास तर दुसऱ्याच पुस्तकात, दुसऱ्याच पेपराला. या पद्धतीने प्रत्येक देशाची कथा सुरुवातीपासून शेवटपर्यंत कळते. परंतु एकाच वेळी निरनिराळ्या ठिकाणी काय चालले होते, हे मात्र ध्यानात येत नाही. शहापूर-वडगावच्या मागावर लुगडे विणताना उभा ताणा आधी लावलेला असतो हे खरे. पण आडवा बाणा त्यातून गेल्याशिवाय कापड होत नाही. देशवार इतिहास हा ताणा मानला, तर एखादे वर्ष घेऊन साऱ्या जगावरून नजर फिरविणे हा बाणा होय. प्रस्तुत लेखात असा एकच धागा घ्यावयाचा आहे, आणि तो म्हणजे इ. स. १८४८.

हे वर्ष निवडण्याची कारणे दोन. पहिले असे की, युरोपातील इतकी राज्ये एकाच वर्षात हादरली, असे त्या शतकात दुसरे वर्ष नाही. दुसरे असे की, या वर्षी पुढे आलेली माणसे बहुतेक तुमच्याच वयाची, म्हणजे कॉलेजात असलेली किंवा कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली होती. त्यांनी काय मिळविले, काय गमावले आणि कशामुळे गमावले, हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही.

पूर्वपीठिका

नेपोलियनच्या पराभवानंतर १८१५ साली व्हिएन्ना येथे युरोपच्या राजांनी जी घडी बसविली, तिचे रक्षण ऑस्ट्रियाचा मुख्य प्रधान मेटर्निक तेहतीस वर्षे करीत होता. वृत्तपत्रांवर नियंत्रण, विद्यापीठांवर पाळत आणि कोठे गडबड झालीच तर सैन्य, अशी ती व्यवस्था होती. इटली आणि जर्मनी ही राष्ट्रे नव्हती, तर लहानमोठ्या राज्यांची नुसती नावे होती. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात जर्मन, मग्यार, चेक, पोल, क्रोट, रुमानियन, इटालियन असे अनेक भाषांचे लोक एका बादशहाच्या छत्राखाली नांदत होते.

परंतु केवळ विचारांनी लोक रस्त्यावर येत नाहीत. त्याला पोटाचेही कारण लागते. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला, १८४६ साली धान्याचेही पीक बुडाले. भाकरीचे भाव चढले, आणि भाकरीवरच पैसा संपल्यामुळे लोकांनी कापड घेणे सोडले. त्यामुळे कापडाचे कारखाने थंडावले आणि कामगार बेकार झाले. १८४७ साली व्यापारी पेढ्याही गडगडल्या. आयर्लंडमध्ये तर या रोगाने हाहाकार माजला. सुमारे दहा लाख लोक भुकेने व रोगराईने मेले आणि तितकेच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेले. १८४१ च्या खानेसुमारीत ब्याऐंशी लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या १८५१ साली पासष्ट लाखांवर आली. अशा रीतीने शिकलेल्यांची अस्वस्थता आणि उपाशी माणसाचा संताप हे दोन प्रवाह १८४८ च्या आरंभी एकत्र आले.

पॅरिसची ठिणगी

पहिला उठाव १२ जानेवारी रोजी सिसिली बेटातील पालेर्मो शहरात झाला. पण साऱ्या युरोपला हलविले ते पॅरिसने. फ्रान्सची लोकसंख्या साडेतीन कोटी आणि मतदार सुमारे अडीच लाख! वर्षाला दोनशे फ्रँक प्रत्यक्ष कर भरील त्यालाच मत, असा नियम होता. मताधिकार वाढवा म्हणून सभा घ्याव्यात तर राजकीय सभांना बंदी. तेव्हा विरोधकांनी मेजवान्यांची युक्ती काढली. सभेला बंदी घालता येते, जेवणाच्या पंगतीला कशी घालणार? जेवण नावाला आणि भाषणे भरपूर, असा प्रकार महिनोन् महिने चालला. शेवटी २२ फेब्रुवारीच्या पॅरिसमधील मेजवानीला सरकारने बंदी घातली, आणि मेजवानीला न बोलावलेले लोकच रस्त्यावर आले. दुसऱ्या दिवशी राजा लुई फिलिप याने आपला प्रधान गिझो याला दूर केले. प्रकरण तेथेच मिटायचे. परंतु त्याच रात्री सैनिकांनी जमावावर गोळीबार केला आणि सुमारे पन्नास माणसे मेली. प्रेते गाडीवर घालून मशालींच्या उजेडात शहरभर फिरविण्यात आली. सकाळी पॅरिसच्या गल्ल्यागल्ल्यांत अडथळे उभे होते. २४ फेब्रुवारीला राजाने गादी सोडली आणि 'मिस्टर स्मिथ' हे नाव धारण करून तो इंग्लंडला पळाला.

फ्रान्सचे दुसरे प्रजासत्ताक जन्माला आले. सर्व प्रौढ पुरुषांना मत मिळाले; मतदारांची संख्या अडीच लाखांवरून एकदम नव्वद लाखांच्या वर गेली. २७ एप्रिलच्या हुकुमाने फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी बंद झाली व सुमारे अडीच लाख माणसे स्वतंत्र झाली. या हुकुमामागे व्हिक्टर शेल्शेर या गृहस्थाची अनेक वर्षांची खटपट होती. येथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. हुकुमाचे जहाज समुद्रातच असताना मार्तिनिक बेटावरील गुलामांनी २२ मे रोजी उठाव केला, आणि दुसऱ्याच दिवशी तेथील गव्हर्नराला गुलामगिरी रद्द करावी लागली. स्वातंत्र्य पॅरिसहून आले हे जितके खरे, तितकेच ते बेटावरच्या लोकांनी स्वतः घेतले हेही खरे.

मार्च महिना

पॅरिसची बातमी आठवड्याच्या आत व्हिएन्नात पोचली. १३ मार्च रोजी विद्यार्थी आणि नागरिक यांचा मोर्चा निघाला, गोळीबार झाला, आणि त्याच संध्याकाळी मेटर्निकने राजीनामा दिला. तोही इंग्लंडलाच गेला. व्हिएन्ना विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 'अकादमिक लीजन' नावाचे सशस्त्र पथक उभारले आणि पुढचे सहा-सात महिने शहराच्या कारभारात त्यांचा शब्द चालू लागला.

१५ मार्चला हंगेरीतील पेश्त शहरी पंचवीस वर्षांचा कवी शांदोर पेतोफी व त्याचे मित्र एका कॉफीगृहातून निघाले. वाटेत विद्यार्थी मिळत गेले. त्यांनी एका छापखान्याचा ताबा घेतला आणि सरकारी परवानगीवाचून आपल्या बारा मागण्या व पेतोफीचे गीत छापून वाटले. त्यांची पहिली मागणी वृत्तपत्रस्वातंत्र्याची होती, आणि ती मागतामागताच त्यांनी अमलात आणली. १८ मार्चला बर्लिनमध्ये रस्त्यावर लढाई झाली. दुसऱ्या दिवशी मृतांची प्रेते राजवाड्याच्या चौकात आणली गेली तेव्हा प्रशियाच्या राजाला त्यांच्यापुढे टोपी काढून उभे राहावे लागले. त्याच १८ तारखेला मिलान पेटले. पाच दिवसांच्या लढाईनंतर ऑस्ट्रियाचा एक्क्याऐंशी वर्षांचा सेनापती राडेट्स्की शहर सोडून मागे हटला. २२ मार्चला व्हेनिसने प्रजासत्ताक जाहीर केले. फेब्रुवारीअखेर ते मार्चअखेर, एवढ्या एका महिन्यात तेहतीस वर्षांची इमारत कोसळली.

मग प्रश्न असा की, इतक्या झटपट मिळालेले यश दीड वर्षाच्या आत हातचे का गेले? माझ्या मते त्याची मुख्य कारणे दोन.

पहिले कारण : बरोबरचे लोक वेगळे झाले

फेब्रुवारीत पॅरिसचा वकील आणि पॅरिसचा मजूर एकाच अडथळ्याआड उभे होते. पण दोघांना हवे होते ते वेगळे. वकिलाला मत हवे होते, मजुराला काम हवे होते. नव्या सरकारने बेकारांसाठी 'राष्ट्रीय कर्मशाळा' काढल्या. जूनपर्यंत त्यांत लाखाच्या वर माणसे नोंदली गेली, आणि इतक्यांना पुरेल असे काम नव्हते. खर्च भागविण्यासाठी सरकारने प्रत्यक्ष करावर फ्रँकमागे ४५ सांतीमचा जादा कर बसविला. हा कर मुख्यतः शेतकऱ्याच्या माथी आला. शहरच्या बेकारांना आपल्या पैशावर पोसले जाते, अशी त्याची समजूत झाली. एप्रिलमध्ये निवडणूक झाली तेव्हा नवा मतदार असलेल्या या शेतकऱ्याने बहुतेक ठिकाणी जुन्या प्रतिष्ठितांनाच निवडून दिले.

नव्या विधिमंडळाने जूनमध्ये कर्मशाळा मोडण्यास आरंभ केला. तरुणांनी सैन्यात जावे, इतरांनी प्रांतांत कामाला जावे, असा हुकूम निघाला. २३ ते २६ जून या चार दिवसांत पॅरिसच्या मजूरवस्तीने जी लढाई दिली, तीत हजारो माणसे मेली. समेट घडवावा म्हणून अडथळ्याजवळ गेलेले पॅरिसचे आर्चबिशपही गोळी लागून मरण पावले. जनरल काव्हेन्याक याने उठाव मोडला. प्रजासत्ताकाने आपल्याच पाठीराख्यांवर तोफा डागल्या होत्या. १० डिसेंबरला अध्यक्षाची निवडणूक झाली. नेपोलियनचा पुतण्या लुई नेपोलियन याला चोपन्न लाखांवर मते पडली. फेब्रुवारीचा नायक, कवी लामार्तिन, याला पडलेली मते वीस हजारांच्या आसपास होती. पुढे तीन वर्षांनी लुई नेपोलियनने विधिमंडळ बरखास्त केले आणि १८५२ साली तो बादशहा झाला.

ऑस्ट्रियात वेगळ्या वाटेने हेच झाले. हान्स कुडलिख हा शेतकऱ्याचा मुलगा, वय चोवीस, विधिमंडळातील सर्वांत तरुण सभासद. त्याने जुलैमध्ये ठराव मांडला की, शेतकऱ्यांवरील वेठ आणि जमीनदारी बंधने रद्द व्हावीत. ७ सप्टेंबरला त्याचा कायदा झाला. शतकानुशतकांचे जोखड उतरले! पण जोखड उतरताच शेतकरी घरी गेला. ऑक्टोबरात बादशाही फौजांनी व्हिएन्नाला वेढा दिला, तेव्हा शहराने खेड्यांना हाक मारली. खेडी उठली नाहीत. महिन्याच्या शेवटी शहर पडले. २ डिसेंबरला अठरा वर्षांचा फ्रान्झ जोसेफ गादीवर आला, तो १९१६ पर्यंत राज्य करीत राहिला.

दुसरे कारण : आपली भाषा आणि शेजाऱ्याची भाषा

हे कारण अधिक नाजूक आहे, आणि दोन भाषांचे विभाग एकाच पुठ्ठ्यात बांधणाऱ्या आपल्यासारख्या नियतकालिकात त्याचा विचार विशेष अगत्याचा आहे.

१८ मे रोजी फ्रँकफर्टच्या सेंट पॉल चर्चमध्ये साऱ्या जर्मनांची निवडलेली परिषद भरली. प्राध्यापक, वकील, न्यायाधीश यांचा तीत इतका भरणा होता की लोक तिला 'प्राध्यापकांची पार्लमेंट' म्हणू लागले. नागरिकांच्या मूलभूत हक्कांची सनद तिने अत्यंत विद्वत्तापूर्वक तयार केली. परंतु जर्मनी म्हणजे कोठून कोठपर्यंत, या प्रश्नाशी येताच अडचण सुरू झाली. बोहेमियाने आपले प्रतिनिधी पाठवावेत असे या परिषदेच्या पूर्वतयारीच्या समितीने म्हटले, तेव्हा चेक इतिहासकार पालाट्स्की याने एप्रिलमध्येच उत्तर पाठविले की, मी जर्मन नाही, स्लाव्ह वंशाचा चेक आहे, सबब येऊ शकत नाही. जूनमध्ये प्रागला स्लाव्ह लोकांची स्वतंत्र परिषद भरली. ती चालू असतानाच शहरात उठाव झाला आणि ऑस्ट्रियाच्या सेनापतीने प्रागवर तोफा डागल्या. यावर फ्रँकफर्टच्या अनेक सभासदांना दुःख होण्याऐवजी समाधानच वाटले. ज्या सैन्याने आज प्राग घेतले ते उद्या आपल्या दारी येईल, हे त्यांच्या लक्षात आले नाही. जुलैमध्ये याच परिषदेने पोलिश वस्तीच्या पोझेन प्रांताचा मोठा भाग जर्मनीत घालावा असे ठरविले.

हंगेरीची कथा याहून उद्बोधक आहे. मग्यार लोकांनी व्हिएन्नाकडून स्वतःचे मंत्रिमंडळ, स्वतःचे कायदे मिळविले. एप्रिलमध्ये त्यांनीही शेतकऱ्यांची वेठ बंद केली. त्यांचा नेता लायोश कोशुत हा उत्तम वक्ता आणि खरा देशभक्त होता. पण त्या राज्यात मग्यार भाषा बोलणारे निम्म्याहून कमी होते. नव्या कायद्याने प्रतिनिधी होण्यास मग्यार भाषा येणे आवश्यक ठरविले. मे महिन्यात स्लोव्हाक, सर्ब आणि रुमानियन या तिघांच्याही सभा झाल्या आणि त्यांनी आपापल्या भाषेचे व स्वराज्याचे हक्क मागितले. मार्चमध्ये व्हिएन्नापुढे मग्यारांनी जे मांडले, तेच हे लोक आता मग्यारांपुढे मांडीत होते. त्यांना नकार मिळाला. मग व्हिएन्नाच्या दरबाराला आयतेच फावले. सप्टेंबरमध्ये क्रोट सेनानी येलाचिच द्रावा नदी ओलांडून हंगेरीवर चालून आला, आणि क्रांतीचे युद्ध शेजाऱ्याशेजाऱ्यांचे युद्ध झाले.

या चुकीची जाणीव हंगेरीला झालीच नाही असे नाही. २८ जुलै १८४९ रोजी सेगेद येथे हंगेरीच्या पार्लमेंटने सर्व जनसमूहांना आपापली भाषा शाळेत, न्यायालयात व स्थानिक कारभारात वापरण्याचा हक्क देणारा कायदा मंजूर केला. युरोपातील अशा पहिल्या कायद्यांत तो गणला जातो. तीन दिवसांनी पेतोफी रणांगणावर नाहीसा झाला. अवघ्या सोळा दिवसांनी, १३ ऑगस्टला, रशियाच्या मदतीने आलेल्या फौजांपुढे हंगेरीचे सैन्य शरण गेले. न्याय झाला खरा. पण तो अशा वेळी झाला की त्याचा उपयोग कोणालाच उरला नव्हता.

याच वर्षातील दुसरे उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहा. स्वित्झर्लंडमध्ये १८४७ च्या नोव्हेंबरात प्रांताप्रांतांत यादवी झाली. ती महिनाभरात आटोपली. जिंकलेल्यांनी हरलेल्यांना चिरडले नाही. १२ सप्टेंबर १८४८ रोजी सर्वांचे संघराज्य करणारी घटना अमलात आली. जर्मन, फ्रेंच आणि इटालियन या तिन्ही भाषा राष्ट्रभाषा असल्याचे तीत स्पष्ट लिहिले होते. जर्मन बोलणारे बहुसंख्य असूनही त्यांनी तसे लिहू दिले. १८४८ साली युरोपात जन्मलेल्या राज्यव्यवस्थांपैकी ही आजवर अखंड चालत आली आहे, हा काही केवळ योगायोग नव्हे. शेजाऱ्याचा हक्क मान्य करणे हे नुसते औदार्य नाही. आपला हक्क टिकविण्याचे ते साधन आहे, एवढाच याचा अर्थ.

जेथे गोळी चालली नाही

इंग्लंडमध्ये चार्टिस्ट नावाची कामगारांची चळवळ होती. सर्व पुरुषांना मत, गुप्त मतदान, सभासदांना वेतन इत्यादी सहा मागण्या तिने केल्या होत्या. १० एप्रिलला लंडनच्या केनिंग्टन मैदानावर प्रचंड सभा झाली. अर्जावर सत्तावन्न लाख सह्या असल्याचे पुढारी सांगत होते; कारकुनांनी मोजल्या तेव्हा त्या वीस लाखांहून कमी भरल्या, आणि खुद्द राणीची व ड्यूक ऑफ वेलिंग्टनची खोटी सहीही त्यांत निघाली. चळवळीचे हसे झाले. तथापि वार्षिक पार्लमेंटची एक मागणी सोडता तिच्या बाकीच्या पाचही मागण्या पुढे इंग्लंडने मान्य केल्या. याच वर्षी तेथे सार्वजनिक आरोग्याचा पहिला मोठा कायदा झाला. हॉलंडच्या राजाने तर शेजारची आग पाहून आपण होऊन घटना बदलण्यास मान्यता दिली, आणि त्याची गादी वाचली.

समुद्रापलीकडे

अमेरिकेत २४ जानेवारीस कॅलिफोर्नियात एका लाकूड-गिरणीच्या पाटात सोन्याचे कण सापडले. नऊ दिवसांनी, २ फेब्रुवारीस, युद्धात हरलेल्या मेक्सिकोने आपला निम्म्याहून अधिक मुलूख दीड कोटी डॉलर घेऊन अमेरिकेच्या स्वाधीन केला. त्यात कॅलिफोर्नियाही होता! सही करणाऱ्यांना सोन्याची वार्ताही नव्हती. मूळचे इंडियन वगळता जेथे जेमतेम चौदा-पंधरा हजार लोक होते, तेथे चार वर्षांत दोन लाखांहून अधिक झाले. आणि मूळचे रहिवासी मात्र या लोंढ्यात निर्दयपणे नष्ट होत गेले.

याच देशात १९ व २० जुलै रोजी सेनेका फॉल्स या लहानशा गावी स्त्रियांच्या हक्कांची पहिली परिषद भरली. एलिझाबेथ स्टँटन व लुक्रीशिया मॉट या तिच्या प्रवर्तक. फ्रान्सने ज्याला सार्वत्रिक मतदान म्हटले त्यात एकही स्त्री नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या परिषदेचे महत्त्व कळते. स्त्रियांना मत असावे हा ठराव आला तेव्हा सभेतच तो अनेकांना अतिरेकी वाटला. गुलामगिरीतून सुटून आलेले फ्रेडरिक डग्लस त्याच्या बाजूने बोलले आणि तो संमत झाला. जाहीरनाम्यावर १०० सह्या झाल्या. १९२० साली अमेरिकन स्त्रियांना मत मिळाले, त्या वेळी सही करणाऱ्यांपैकी शार्लट वुडवर्ड ही एकच स्त्री हयात होती.

इकडे हिंदुस्थानात

युरोपात गाद्या उलथत होत्या त्या वर्षी हिंदुस्थानात कंपनीची गादी अधिक घट्ट होत होती. १८४८ च्या जानेवारीत लॉर्ड डलहौसी गव्हर्नर-जनरल झाला. ५ एप्रिलला साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले. त्यांनी मृत्यूपूर्वी घेतलेले दत्तक कंपनीने नामंजूर केले व राज्य खालसा केले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी या खालसाविरुद्ध मत दिले होते, पण ते मानले गेले नाही. झाशी, नागपूर ही पुढची प्रकरणे याच पायंड्यावर झाली. एप्रिलमध्येच मुलतानला दोन इंग्रज अधिकारी मारले गेले, त्यातून दुसरे शीख युद्ध पेटले, आणि पुढल्या वर्षी पंजाबही खालसा झाला.

पण याच वर्षी, याच मुलखात, दुसरेही काही घडत होते. मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात पंचवीस वर्षांचे गोपाळ हरी देशमुख 'लोकहितवादी' या नावाने पत्रे लिहू लागले. आपल्या समाजाचे अज्ञान, आळस आणि आंधळा रूढिप्रेम यांवर इतके स्पष्ट कोणी पूर्वी लिहिले नव्हते. पुण्यात बुधवार पेठेतील भिडे वाड्यात एकवीस वर्षांच्या जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली, आणि त्यांच्या सतरा वर्षांच्या पत्नी सावित्रीबाई शिकवू लागल्या. मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' ही संस्था स्थापली. दादाभाई नौरोजी तिच्या प्रमुख मंडळींपैकी होते. तिच्याच शाखा म्हणून मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक सभा निघाल्या, आणि सोसायटीने दुसऱ्याच वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या.

पॅरिसच्या धामधुमीचा हा परिणाम, असे म्हणणे धाडसाचे होईल. युरोपचे टपाल मुंबईला यायला महिन्याहून अधिक लागे, आणि तारायंत्र येथे अजून आलेच नव्हते. परंतु मूळ विचार मात्र एकाच झऱ्याचे होते. माणूस जन्माने हलका वा भारी नाही, हा जो सिद्धान्त टॉमस पेनने 'राइट्स ऑफ मॅन' या ग्रंथात मांडला, तो जोतीरावांनी तरुणपणी वाचला होता. पॅरिसच्या मजुराने त्याच सिद्धान्तासाठी बंदूक घेतली. पुण्याच्या शाळेने पाटी-पेन्सिल घेतली.

जमाखर्च

आता हिशेब मांडू. खर्चाची बाजू मोठी आहे. १८४९ चा ऑगस्ट संपण्यापूर्वी रोम, हंगेरी आणि व्हेनिस सारी पडली. प्रशियाच्या राजाने फ्रँकफर्टने देऊ केलेला मुकुट नाकारला आणि ती परिषद विरून गेली. जर्मनी व इटली पुढे एक झाली. पण ती वक्त्यांच्या ठरावांनी नव्हे, मंत्र्यांच्या मुत्सद्देगिरीने आणि फौजांनी. हजारो तरुण परागंदा झाले. बॉन विद्यापीठातला एकोणीस वर्षांचा विद्यार्थी कार्ल शुर्ट्स हा त्यांपैकी एक. तो पुढे अमेरिकेत गेला, गुलामगिरीविरुद्धच्या पक्षात शिरला आणि मंत्रिपदापर्यंत चढला.

जमेची बाजू सावकाश वाचावी लागते. ऑस्ट्रिया व हंगेरीच्या शेतकऱ्याची वेठ पुन्हा आली नाही. बादशाही परत आली, वेठ परत आली नाही. फ्रेंच वसाहतींत गुलामगिरी पुन्हा बसविणे कोणाला साधले नाही. सार्डिनियाच्या राजाने मार्च १८४८ मध्ये दिलेली घटना पुढे साऱ्या इटलीची घटना झाली. फ्रँकफर्टच्या हक्कांच्या सनदेचा उपयोग १९१९ आणि १९४९ साली जर्मनीच्या घटना लिहिताना झाला. लंडनमध्ये फेब्रुवारीत तेवीस पानांचे एक जर्मन चोपडे निघाले, त्याकडे त्या वर्षी फारसे कोणी पाहिले नाही. ते मार्क्स व एंगल्स यांचा 'कम्युनिस्ट जाहीरनामा' होते. पॅरिस धुमसत असताना पंचवीस वर्षांचा लुई पाश्चर तेथेच एका प्रयोगशाळेत बसून क्षाराचे बारीक स्फटिक डावे-उजवे असे चिमट्याने निवडीत होता. रेणूंच्या रचनेचे नवे शास्त्र त्यातून निघाले.

म्हणजे त्या वर्षी जे गाजले ते बहुतेक टिकले नाही, आणि जे टिकले त्याचा त्या वर्षी फारसा गाजावाजा झाला नाही. याचा अर्थ रस्त्यावर येणारे मूर्ख आणि खोलीत बसणारे शहाणे, असा कोणी घेऊ नये. वेठ सुटली ती विधिमंडळात, पण ते विधिमंडळ भरले ते रस्त्यावर आलेल्यांमुळेच. फरक एवढाच की, ज्या गोष्टीचा कायदा झाला, शाळा झाली, संस्था झाली, ती टिकली. आणि ज्या गोष्टीत आपल्या बरोबरीने शेजाऱ्याचे भले पाहिले गेले, ती अधिक टिकली.

विद्यार्थी मित्रांना एक सूचना करून हा लेख पुरा करतो. आपल्या अभ्यासक्रमातील कोणतेही एक वर्ष निवडा आणि एका कागदावर चार रकाने आखा : युरोप, अमेरिका, आशिया आणि आपला मुलूख. प्रत्येक रकान्यात त्या वर्षाच्या निदान दोन घटना लिहा, आणि मग त्यांच्यामध्ये कोठे खरा संबंध आहे व कोठे नुसता योगायोग, हे तपासा. संबंध नसेल तेथे तो ओढून आणू नका. मराठी व कानडी विभागांच्या विद्यार्थ्यांनी हे काम मिळून केले तर उत्तमच. कारण चौथ्या रकान्यात काय लिहावे, हे दोघांनी एकमेकांना विचारल्यावाचून तो पुरा भरणार नाही.